कप्पा एकेचाळीस

डिसेंबरचा दुसरा आठवडा, असं ठरतंय.
टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर माझा चष्मा,
आणि जोधपूरच्या जरा वर
कालच्या लीलो चेवड्याचा तेलकट डाग.
ह्यांनी तो तळं समजून
पेन्सिलीनं गोल केला.

ह्यांचं सगळं वेळापत्रकात.
अहमदाबादहून रात्रीची गाडी,
पुढे जीप, उद्यानाचा परवाना आधीच काढायचा,
माळढोक दिसला तर नशीब,
नाही दिसला तर उंट आहेतच.
पुतण्या सुहृद फोनवर तंबू दाखवतो,
तंबूत गीझर.
शेजारच्या रंजनबेन म्हणतात, थेपले न्या,
आठ दिवस काही होत नाही त्यांना.

मी मान हलवते.
मला फक्त एक खडक पाहायचाय.

एकतीस वर्षं भूशास्त्राच्या खोलीत
मी दगडांच्या चिठ्ठ्या लिहिल्या.
क्रमांक, नाव, ठिकाण, कोणी आणला.
दांडिया बाजारातून चालत जायची.
पुलाखाली मगर दिसली
तर मस्टरवर सही करताना सांगायची,
बाकी माझ्याजवळ बातमी अशी नसेच.
हिमालय माझ्या मुठीत मावायचा,
कच्छ दोन कप्प्यांत.
समुद्राचा तळ फडक्यानं पुसून
मी परत जागेवर ठेवायची.
स्वतः गेले ते नाशिकपर्यंत,
तेही लग्नांना.

कप्पा एकेचाळीस: तांबूस वालुकाश्म.
अंगावर बारीक लाटा,
जणू कोणी ओलं पातळ पिळून ठेवलं
आणि झटकायचं विसरलं.
पूर आला त्या वर्षी विश्वामित्री खोलीत शिरली.
शाई गेली.
नवे साहेब म्हणाले, ठिकाण नसलेला दगड
म्हणजे नुसता दगड,
मागच्या अंगणात भरावाला टाका.

टाकले.
एक मात्र डब्यात ठेवला, पोळ्यांच्या जागी.
ठिकाण मला पाठ होतं.
अक्षर माझंच होतं ना.

नऊ वर्षं आमच्याकडे आहे तो.
पापडांवर वजन, वाऱ्यात दाराला टेकू,
एकदा नातीच्या भातुकलीत डोंगर.

परवा उद्यानाच्या कचेरीत फोन लावला.
पलीकडचा माणूस पाठ असल्यासारखा बोलत गेला:
प्लास्टिक आणायचं नाही, पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही,
दगड, माती, काडी,
काहीही उचलून न्यायचं नाही.
"आणि ठेवायचं असेल तर?"
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाला, किती माणसं, मॅडम?
दोन, मी म्हटलं.

काल रात्री दिवा मालवल्यावर हे म्हणाले,
"आणि तुला चुकीचं आठवत असेल तर?"

ह्यांचं बरोबर आहे.
एकेचाळीस की चौदा,
अंधारात मीही अडखळले.
लाटा सारख्या दिसल्या म्हणून
भलत्याच नातलगांत सोडून यायचं त्याला?
माझी मामेबहीण तशीच दिली होती देवासला,
माणसं ओळखीची वाटली म्हणून.
नंतर तिची पत्रं यायची,
पत्त्याखेरीज फारसं काही नसायचं त्यांत.

म्हणून वेळापत्रकात एवढाच बदल केलाय.
सूर्यास्त नको. सकाळी सात.
ऊन तिरपं असतं तेव्हाच लाटा वाचता येतात,
टेबलावरचा दिवा कडेला धरून
मुलांना मीच दाखवायची.
आधी ह्याच्यावर बोट फिरवीन,
मग त्या मोठ्या खडकावर,
डोळे मिटून.

भाजीवाल्याच्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम भरला.
ह्यांच्या लोकरी मोज्यात घातलाय,
दुसरा मोजा कुठे गेला
म्हणून ते सकाळपासून शोधतायत.

जुळलं तर ठेवून येईन.
नाही जुळलं,
तर मार्चमध्ये पापड आहेतच.